पौषातली ब्लँकेटे

कृष्णाकाठच्या आमच्या गावातली थंडी बातमीत येणारी नव्हे. निफाडचा पारा दरवर्षी वर्तमानपत्रांत गाजतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे छापून येतात. आमच्याकडे पारा तितका खाली कधी जात नाही. पण एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पाट आणि मध्ये पाणी पिऊन फुगलेली काळी जमीन असल्यामुळे इथली पहाट ओली असते. उसाच्या फडात शिरलेल्या माणसाची बाही पाच मिनिटांत दवाने भिजते आणि ऊन चढेपर्यंत वाळत नाही. ही थंडी अंथरुणात पडून कळत नाही. मला ती कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली.

पेठेतल्या तरुण मंडळाचा मी खजिनदार आहे. मंडळाच्या नावात ‘तरुण’ असले, तरी आम्हा पदाधिकाऱ्यांपैकी निम्म्यांना आता चष्म्याशिवाय पावती लिहिता येत नाही. गणपती उठले की आमच्या हातांना काही काम उरत नाही, आणि तुळशीची लग्ने लागली की ते पुन्हा सुरू होते. दत्तजयंतीचा सप्ताह, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीची गावसफाई, रक्तदान, ब्लँकेटवाटप, संक्रांतीचे सार्वजनिक हळदीकुंकू, असे सारे गावाचे दानधर्माचे वर्ष या अडीच-तीन महिन्यांत दाटीवाटीने बसलेले असते. हिशेबाच्या वह्या माझ्याकडे असल्यामुळे कोणता उपक्रम कोणत्या तारखेला पार पडला, हे मला वर्षावर्षाने सांगता येते. त्या तारखा एकाखाली एक वाचताना मला जे दिसले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते. औदुंबर आणि नृसिंहवाडी ही दोन्ही दत्तस्थाने याच नदीच्या काठची, त्यामुळे आमच्या भागात हा सप्ताह चुकवणारे गाव विरळा. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दिवेलागणीला हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा सात दिवसांचा क्रम असतो, आणि या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नसते. ती अखंड कोणाच्या तरी गळ्यात राहावी म्हणून दोन-दोन तासांच्या पहाऱ्यांची यादी देवळाच्या फळ्यावर लावतात. रात्री दोन ते चारच्या घरात नाव घालायला कोणी धजत नाही, म्हणून तो पहारा माझ्या वाट्याला आला आणि माझ्याकडेच राहिला.

त्या वेळी देवळात एखादे म्हातारे माणूस पेंगत असते, समईची वात चरचरत असते आणि बाहेरचा रस्ता अगदी मोकळा असतो. कानटोपी आणि शाल पांघरून मी वीणा वाजवत उभा राहायचो. साडेतीनच्या सुमारास त्या मोकळ्या रस्त्यावर घुंगरांचा आवाज येऊ लागे आणि ऊसतोडीला निघालेल्या मजुरांच्या टोळीच्या रिकाम्या गाड्या एकामागून एक देवळासमोरून जात. पुढे कासरा धरलेला गडी, शेजारी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली बाई, आणि मागे गाडीच्या साट्यात वाकळेत गुंडाळलेले लहान मूल. काही जण देवळाकडे वळून हात जोडत. पंचवीस वर्षे ज्या रस्त्यावर राहिलो, त्या रस्त्यावरून रोज पहाटे मुले अशी नेली जातात, हे मला त्या पहाऱ्याने दाखवले.

सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन झाले की महाप्रसाद होतो. आमच्याकडे महाप्रसादाला गव्हाची खीर लागते; बुंदी किंवा शिरा केला तर लोक जेवतात, पण नंतर वर्षभर बोलून दाखवतात. आदल्या दिवशी गहू ओलावून, कांडून, पाखडून ठेवायचा, रात्री तो काहिलीत शिजत घालायचा, आणि गूळ पडला की दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून लाकडी उलथण्याने तळापासून ढवळत राहायचे. या कामात बोलायला उसंत नसते, कारण हात थांबला की खीर करपते आणि करपलेली खीर साऱ्या गावाला कळते. या पंगतीला टोळीतली माणसेही येतात. पारायणाला बसलेला सावकार आणि बीडहून आलेला कोयतेवाला एकाच ओळीत, एकाच पत्रावळीवर जेवतात. ‘अन्नदान’ हा शब्द फलकावर असतो, पण वाढणाऱ्याच्या तोंडी ‘घ्या की अजून, लाजू नका’ एवढेच असते. त्या दिवशी कोणी कोणाला लाभार्थी म्हणत नाही.

लाभार्थी हा शब्द आमच्याकडे आला तो ब्लँकेटांबरोबर.

ही कल्पना मीच मांडली होती, तेव्हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. पहाऱ्याच्या रात्री पाहिलेल्या गाड्या डोळ्यांपुढे होत्या. टोळीला पांघरुणे द्यावीत असे मी बैठकीत म्हणालो आणि सर्वांनी माना डोलावल्या. मग दिवस ठरवायला बसलो. दिवाळीला प्रत्येकाच्या खिशाला कात्री लागलेली असते, त्यामुळे कार्तिकात वर्गणी निघत नाही. मार्गशीर्षात सप्ताह. डिसेंबरच्या अखेरीस मुलांच्या सहली आणि स्नेहसंमेलने. पौषात मात्र लग्ने नसतात, म्हणून मंडपवाला निम्म्या दरात येतो, ध्वनिक्षेपकवाला रिकामाच असतो आणि प्रमुख पाहुण्यांनाही रविवार सापडतो. संक्रांतीनंतरचा रविवार एकमताने पक्का झाला. इतक्या गोष्टींचा विचार आम्ही केला, त्यात थंडी कुठेच नव्हती.

साठ ब्लँकेटे घेतली. पानिपतहून येणारी, जुन्या लोकरी कपड्यांच्या धाग्यांतून पुन्हा विणलेली करडी ब्लँकेटे. वाटपासाठी सगळीकडे हीच घेतात. टोळीचा तळ गावाबाहेरच्या माळावर होता. ज्याला आम्ही खोपट म्हणतो आणि ती माणसे कोपी म्हणतात, तशा तेवीस कोप्या दिवाळीनंतर तिथे उभ्या राहिल्या होत्या. आम्ही बावीस जण, पाहुणे, छायाचित्रकार आणि दोन बांबूंवर ताणलेला फलक असे सकाळी दहा वाजता तिथे पोचलो, तर निम्मा माळ मोकळा होता. कारखान्याने अर्धी टोळी दुसऱ्या गटात हलवून आठवडा झाला होता. उरलेल्या कोप्यांपुढे एक म्हातारी, तीन लहान मुले आणि खुंटाला बांधलेली एक शेळी होती. टोळी फडात होती. ऊसतोड करणारी माणसे पहाटे चारच्या आधीच निघतात आणि गाडी भरल्याशिवाय परत येत नाहीत, हे उसाच्या गावात जन्मलेल्या आम्हा बावीस जणांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. म्हातारीला पुढे बोलावून तिच्या हातात एक ब्लँकेट दिले, छायाचित्र काढले. मग एका मुलाच्या खांद्यावर दुसरे घातले, त्याचे काढले. राहिलेली अठ्ठावन्न एका कोपीत ठेवून द्यावीत असे ठरले. मी ती रचत असताना म्हातारी दारात उभी राहून पाहत होती.

“दिवाळीपासनं इथंच हाव आमी,” ती म्हणाली. “आता थंडी सरत आली की ओ, सायेब.”

त्यात टोमणा नव्हता. पाऊस उशिरा आला असे जसे आपण म्हणतो, तसे ती बोलली. मी काहीतरी पुटपुटलो असेन. मग तिने वाकून अंथरुणाचे एक टोक उचलले. खाली पाचटाचा थर होता आणि त्याच्याखालची जमीन काळी ओली होती. पाचटाच्या तळची पाने कुजून जमिनीला चिकटली होती.

“वरनं नाही लागत गार,” ती म्हणाली, “खालनं लागतंय. कागद असला त द्या एखादा.”

कागद म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. आम्ही साठ पांघरुणे नेली होती आणि तिला अंथरायला काहीतरी हवे होते. ताडपत्रीचा एक तुकडा दोन ब्लँकेटांपेक्षा स्वस्त पडतो, हे त्याच संध्याकाळी मी दुकानात जाऊन विचारले. घरी आल्यावर आईला सांगितले, तर ती म्हणाली, “आम्ही वाकळ शिवताना तळाला सगळ्यांत जाड लुगडं का घालत होतो, ते कधी विचारलंस का?” विचारले नव्हते, हे खरेच होते. हिवाळ्याच्या दुपारी गल्लीतल्या बायका एकीच्या सोप्यात जमून जुन्या लुगड्यांचे थर पसरत आणि चारी बाजूंनी बसून धावदोरा घालत मधोमध भेटत, ते मी लहानपणी कितीतरी वेळा पाहिले होते. त्यातली कोणतीही वाकळ कोणाच्या नावाची नसे. ज्या घरात बाळंतीण असेल, त्या घरी पहिली जाई.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बसलो. रक्तदान शिबिराची तारीख दरवर्षी २६ जानेवारी. त्या दिवशी आमचेच नव्हे, तालुक्यातली बरीच मंडळे शिबिरे घेतात. साध्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, विशेष द्रावण घातले तर ४२ दिवस. त्यातल्या प्लेटलेट तर जेमतेम ५ दिवसांच्या सोबती. म्हणजे त्या दिवशीच्या साध्या पिशव्यांची मुदत २ मार्चला संपते. पुरुषाला पुन्हा रक्त देण्यासाठी तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावे लागते, त्यामुळे आमचे दाते एप्रिलच्या अखेरीपर्यंत अडकून पडतात. परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे रक्ताची चणचण भासते, ती नेमकी या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत. रक्तपेढीतल्या एका तंत्रज्ञाने मला हे गणित एकदा पाठीमागच्या पानावर मांडून दाखवले होते. मी तेव्हा मान हलवली होती आणि पुढच्या वर्षी पुन्हा २६ जानेवारीच लिहिली होती.

पलीकडच्या वाडीत दरवर्षी एका महाविद्यालयाचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर असते. मुले उत्साहाने सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. हा बंधारा पाऊस संपल्यावर, ओढा वाहता असताना घालायचा असतो. सत्रपरीक्षा आटोपून शिबिर येते तोवर जानेवारी उजाडलेला असतो आणि ओढ्यात वाळू असते. पोती मात्र शिस्तीत रचलेली असतात.

गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला. १९५६ साली याच दिवशी ते गेले. त्या दिवशी आम्ही झाडू घेतो, स्टँडपासून देवळापर्यंतचा रस्ता लोटतो आणि नंतर त्यांच्यावर भाषण ठेवतो. बाबांचा क्रम वेगळा होता: गावात पाऊल ठेवले की कोणाशी न बोलता खराट्याने झाडायला लागायचे आणि बोलायचे ते रात्री, कीर्तनात. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र ही त्यांची यादी आमच्या फलकावर छापलेली असते. त्या यादीत व्यासपीठ नाही. माझे एक चुलते मुंबईला उपचारासाठी गेले असताना दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत दीड महिना राहिले होते. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. चुलते परत आल्यावर सांगत, की तिथे कधी गेलो आणि का गेलो हे कोणी विचारत नाही, कारण तिथे येणारा प्रत्येक जण त्याच कारणाने आलेला असतो. ती जागा बारा महिने उघडी असते. आमची पुण्यतिथी साडेअकराला चहा होऊन संपते.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी तारखा हलवण्याचा विषय काढला आणि बराच वाद झाला. वर्गणी आधी कशी जमणार, हा प्रश्न रास्त होता. त्यावर एकच उपाय निघाला, तो म्हणजे गणपतीच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला ठेवायची आणि मिरवणुकीतले एक वाद्यपथक कमी करायचे. तरुण पोरे याला तयार होतील असे मला वाटले नव्हते, पण ती झाली. कुरकुर केली ती आमच्याच वयाच्या लोकांनी. रक्तदानाचे शिबिर बंद करून दात्यांची यादी केली आणि रक्तपेढीचा फोन आला की चार-पाच जण जातात, असे ठरले. फलक आणि पाहुणे गेले, तसे दोन मोठे देणगीदारही गेले. त्यांच्या जागी अजून कोणी आलेले नाही.

रेडियमचे कामही असेच. रात्री रस्त्याच्या कडेने चाललेली उसाची गाडी मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही आणि दरवर्षी कोणाचे तरी घर त्यात बुडते. म्हणून गावोगाव गाड्यांना आणि ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या लावतात. हे रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमांत, म्हणजे जानेवारीत होते. हंगाम मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सुरू झालेला असतो. शिवाय पट्टी लावायची ती गाडीच्या मागच्या फळीला, आणि ऊस भरला की त्याचे शेंडे फळीच्या मागे हात-दोन हात लोंबतात. पट्टी झाकली जाते. ही गोष्ट एका गाडीवानाने आम्हाला दाखवली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग जाड कापडावर पट्ट्या शिवून घेतल्या आणि कापडाला दोन्ही टोकांना दोऱ्या लावल्या. गाडी भरली की ती उसाच्या शेंड्यांवरूनच आवळायची, कारखान्यावर रिकामी झाली की सोडून गाडीत टाकायची. शिवणकाम गल्लीतल्याच एका शिंप्याने केले आणि पैसे घेतले नाहीत. मात्र वर्गणीचे पुस्तक त्याच्याकडे पुन्हा नेऊ नये अशी अट घातली.

बायकांनी आमच्यापेक्षा लवकर ओळखले, हेही नोंदवायला हवे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे चालतात आणि वाण दिले जाते. वाणाला आपल्या भाषेत ‘लुटणे’ म्हणतात. जी देते तीच म्हणते, की मी अमुक लुटले. घेणारीला पाट मांडून बसवायचे, अत्तर लावायचे, तिळगूळ द्यायचा, ओटी भरायची आणि मग वाण तिच्या पदरात घालून आपणच वाकायचे. या सोहळ्याला एक मोठा डाग होता आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. माझे वडील गेल्यानंतर आई त्या संध्याकाळी माजघरात बसून तिळाच्या वड्या कापून देत असे आणि बाहेर येत नसे. मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला. त्यानंतरच्या संक्रांतीला समोरच्या घरातल्या सूनबाई आल्या आणि काही न बोलता आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेल्या. आई परत आली तेव्हा कपाळावर कुंकू होते. रात्री झोपेपर्यंत तिने ते पुसले नाही आणि त्याविषयी अवाक्षरही काढले नाही.

याच बायकांनी मागच्या वर्षी ठरवले, की वाण तळावरच्या बायकांनाही लुटायचे. पण आधी काय हवे ते विचारायचे. माझी पत्नी आणि आणखी तिघी भोगीच्या कितीतरी आधी, संध्याकाळी चुली पेटल्यावर तिथे जाऊन बसल्या. आम्ही पुरुष दहा वर्षे गेलो असतो तरी आम्हाला कळले नसते ते त्यांना तासाभरात कळले. आंघोळीला आडोसा नव्हता. माळ उघडा, रस्ता जवळ. म्हणून बायका एकतर पहाटे तीनला अंधारात गार पाण्याने आंघोळ उरकत किंवा दोन-दोन दिवस करत नसत. चार बांबू आणि भोवती गुंडाळायला काहीतरी, एवढीच मागणी होती. मंडळाच्या खोलीत जुन्या कार्यक्रमांचे फलक गुंडाळून पडलेले होतेच. ते भक्कम असतात, पाण्याने भिजत नाहीत. दोन न्हाण्या उभ्या राहिल्या. छापील बाजू आत की बाहेर यावर थोडी चर्चा झाली आणि आमच्या माजी प्रमुख पाहुण्यांचे हसरे चेहरे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्यापैकी एक जण त्या रस्त्याने रोज जातात. त्यांनी आजवर काही म्हटलेले नाही.

टोळीतल्या थोरल्या मुलांचा प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. पूर्वी साखरशाळा होत्या. आता मुलांना मूळ गावीच हंगामी वसतिगृहात ठेवावे अशी योजना आहे, आणि ज्यांच्या घरी मागे कोणी म्हातारे माणूस आहे त्यांची मुले राहतातही. बाकीची गाडीतून येतात. आमच्या शाळेत यंदा त्यातल्या सहा जणांची नावे घातली आहेत. रोज किती जण जातात ते मी लिहीत नाही, कारण आकडा रोज बदलतो.

यंदा आम्ही तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तळावर गेलो. रात्री आठची वेळ, चुलींचा धूर खाली बसलेला, बैल उसाचे वाढे खात उभे. नेले होते ते ताडपत्रीचे कापलेले तुकडे आणि रेडियमची कापडे. ती म्हातारी दिसली नाही. मुकादमाला विचारले, तर त्या कुटुंबाने यंदा दुसऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतली आणि ती माणसे कर्नाटकातल्या कारखान्याला गेली, असे तो म्हणाला. नवी माणसे होती. त्यांनी आमच्याकडे आधी जरा संशयाने पाहिले, कारण हंगामाच्या सुरुवातीला कोणी काही फुकट देत नसते.

कापडे गाड्यांना कशी आवळायची ते दाखवून झाले, तेव्हा पट्टीचे काही कपटे उरले. सात-आठ वर्षांचा एक मुलगा मघापासून त्यांच्यावर डोळा ठेवून होता. त्याला दोन दिले. त्याने ते आधी शेळीच्या शिंगांना चिकटवून पाहिले, ते राहिनात. मग बहिणीला पाठमोरी उभी करून तिच्या स्वेटरच्या पाठीवर चिकटवले आणि हाताने जोरात थोपटले. आम्ही गाड्या वळवल्या, तसा दिव्याचा झोत माळावरून फिरला. कोप्या, बैल, धूर यांतले काही नीट दिसत नव्हते. ते दोन लाल कपटे तेवढे जमिनीपासून हातभर उंचीवर चुलीकडे पळत गेले.